रंगाखालच्या तीन खुणा

शहापूर,
रविवार, ८ जुलै २००१

दादा,
सप्रेम जयभीम.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली. हूक सकाळी नऊ वाजता तुटला असं मी लिहिलं. तो साडेआठला तुटला. नऊला चहा येतो, आणि त्या दिवशी चहाची किटली आली तेव्हा वाल्मिकभाऊंना गाडीत घालून नेलंही होतं. किटली घेऊन आलेली बाई दारातच उभी राहिली होती, ते मला स्पष्ट आठवतं. म्हणून साडेआठ.

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे कमळताईंच्या अक्षरातल्या दोन ओळी मिळाल्या. "रत्नदीपभाऊ पत्र ऐकून घेतात. काही सांगत नाहीत." तू वापीला ज्यांच्याकडे जेवतोस त्या कमळताईच तुला पत्रं वाचून दाखवतात, हे आता कळलं. कमळताई, तुम्ही हे मोठ्याने वाचत असाल. तुम्हाला आमच्यातलं काही ठाऊक नाही, आणि अर्धवट वाचायला लावणं बरं नव्हे, म्हणून सांगते.

मी संघरत्ना, यांची धाकटी बहीण. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. दादा लिहायवाचायला शिकला नाही, सही तेवढी गिरवतो. मुरबाडच्या एका कारखान्यात तो लोखंडाच्या स्टोअरला होता. त्याच्या पगारावर मी डिप्लोमा केला आणि त्याच कारखान्यात तपासणीला लागले. माझं काम तुकडे मोडून बघायचं. किती ताणल्यावर तुटतो, किती वाकतो, किती कठीण आहे. वाल्मिकभाऊ घणावर होते. मी दिसले की रोज विचारायचे, "काय गो सायेब, आज काय मोडलंस?"

३ फेब्रुवारी २००० रोजी साचा उचलताना चेनपुलीचा हूक तुटला. खाली वाल्मिकभाऊ होते. ते गेले. हूक मऊ लोखंडाचा हवा होता, तो कडक पोलादाचा निघाला. ज्या बारमधून तो घडवला त्याच्या टोकाला मऊ लोखंडाचा पांढरा रंग होता. तो रंग कसा आला, याचा चौकशीत निकाल लागला. बार दादाने काढून दिला होता. दादाला कामावरून काढलं.

आई बरी आहे. भात लावून झाला. तुझी छत्री अजून खुंटीलाच आहे.

तुझी,
संघरत्ना


शहापूर,
रविवार, २९ जुलै २००१

दादा,
जयभीम.

"चौकशीत निकाल लागला" असं मी लिहिलं. ते वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं होतं आणि तरी खोटंच राहिलं. रंग मी लावला.

तुला हे तेव्हाच कळलं असणार. स्टोअरची किल्ली माझ्याकडे होती. दसऱ्याला तू गावच्या गाडीने नागपूरला दीक्षाभूमीवर निघालास तेव्हा किल्ली माझ्या हातात देऊन म्हणालास, "रॅकला हात लाव नको. कोणी काही हलवलं तर मी आल्यावर मांडीन." दुसरं काही सांगितलं नव्हतंस.

कमळताई, आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळा कारखाना धुऊन काढतात. मशीनं पुसतात, रंगवतात, दुसऱ्या दिवशी पूजा होते, मालकाचे पाहुणे येतात. १९९९ साली तो दिवस १८ ऑक्टोबरचा होता. झाडण्यासाठी पोरांनी रॅकवरचे सगळे बार उतरवले आणि झाडून झाल्यावर जसे हाताला येतील तसे परत चढवले. बारच्या एका टोकाला रंग असतो. मऊ लोखंडाला पांढरा, स्प्रिंगच्या कडक पोलादाला लाल. म्हणून बार नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापत यायचा. रंगाचं टोक शेवटपर्यंत राहिलं पाहिजे. रंग गेला की लोखंडाकडे बघून त्याची जात कळत नाही. सगळं काळंच दिसतं.

पांढऱ्या रॅकमध्ये काही बारांची टोकं उघडी होती. काहींवर रंग उडालेला, काहींवर ओरखडे. मॅनेजर साहेब म्हणाले, "संघरत्ना, उद्या पाहुणे इथूनच जाणार. हे जरा नीट दिसू दे." मी डबा घेतला आणि त्या रॅकमधल्या सगळ्या टोकांना पांढरा रंग दिला. अठरा बार. एकसारखे, दुधात बुडवल्यासारखे दिसत होते. वाल्मिकभाऊ मागून म्हणाले, "वा सायेब! आता बारांचं लगीनच लाव." मला इतका आनंद झाला होता, दादा. वाटलं, तू नागपूरहून येशील आणि बघशील.

तू आलास, बघितलंस, आणि म्हणालास, "झकास केलंस." चार दिवसांच्या प्रवासाने तुझे डोळे लाल होते. तपासून बघावं असं तुला वाटलं नाही, कारण रंग मी लावला होता. शिकलेल्या बहिणीने.

नोव्हेंबरात त्या रॅकमधून तू पांढऱ्या टोकाचा एक बार हुकांसाठी दिलास. भट्टीवरच्या लखमाने हूक तापवून घडवले आणि नेहमीसारखे पाण्याच्या पिंपात टाकले. मऊ लोखंडाला पाण्याने काही होत नाही. पण कडक पोलाद लालभडक असताना पाण्यात टाकलं की काचेसारखं होतं. कारखान्याच्याच वापरासाठी घडवलेले हूक होते, म्हणून तपासणीला माझ्याकडे आलेच नाहीत. आले असते तर एका मिनिटात कळलं असतं. हे वाक्य मी रोज म्हणते.

तुटलेल्या हुकाची बाजू तू बघितली नाहीस. मी बघितली. मऊ लोखंड तुटतं तेव्हा मळकट, तंतू ओढल्यासारखं दिसतं. ही बाजू खडीसाखरेसारखी चमकत होती. दादा, आता मला साखरेचा डबा उघडवत नाही. मिठात तेच दिसतं. परवा रस्त्यावर दगड फोडत होते, एक फुटला आणि आतून चमकला, तर मी एसटीच्या खिडकीपासून तोंड फिरवून घेतलं. आणि कारखान्याच्या दारातून आत पाऊल टाकलं की रोज, अगदी रोज, डाव्या कानाशी कोणीतरी विचारतं, आज काय मोडलंस.

संघरत्ना


शहापूर,
रविवार, १९ ऑगस्ट २००१

दादा,

कमळताईंची ओळ मिळाली. "आज जेवले नाहीत." कमळताई, हे पत्र जेवण झाल्यावर वाचा. आणि एक विनंती आहे. मधलं काही गाळू नका. ऐकवत नसलं तरी गाळू नका. का ते याच पत्रात आहे.

मागच्या पत्रात खोटं काही नव्हतं, पण ते अपुरं होतं. मी एवढंच लिहिलं की रंग मी लावला. त्यानंतर मी काय केलं ते लिहिलं नाही.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "स्टोअरमध्ये बारांना रंग कोण लावतं?" मी म्हटलं, "रत्नदीप." वर्षभर तूच लावायचास, म्हणून ते खरंच होतं. मी एवढंच बोलून थांबले. मग साहेब म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे, त्याचा जबाब तूच लिहून घे," आणि ते सांगत गेले, मी लिहीत गेले. एक ओळ अशी होती:

"सदर बारला पांढरा रंग मीच लावला असून बारवरील आकडे मला वाचता येत नसल्याने ही चूक झाली."

पेन थांबलं होतं. साहेब म्हणाले, "लिही ना. झालं काय?" मी लिहिली.

मग तुला आत बोलावलं. तू टोपी काढून हातात धरली होतीस. साहेब मला म्हणाले, "वाचून दाखव त्याला." मी वाचलं. वरची ओळ वाचली, खालची वाचली. मधली गाळली. आवाजही बदलू दिला नाही. तू माझ्याकडे बघून विचारलंस, "बरोबर हाय ना सगळं?" मी मान हलवली. तू वाकून, जीभ दातात धरून, सावकाश सही केलीस. ती सही मीच तुला शिकवली होती. चुलीपुढे, राखेत.

आठ दिवसांनी काढून टाकल्याचा कागद आला आणि युनियनच्या माणसाने तुला सगळा जबाब वाचून दाखवला. संध्याकाळी घरी येऊन तू एवढंच म्हणालास, "तू वाचलेलंस ना गो?" आई चुलीशी होती, तिला वाटलं तू पेपराबद्दल विचारतोयस. दुसऱ्या दिवशी तू आसनगावला गाडी धरलीस.

रंगाबद्दल तू मला कधीच बोलला नसतास, हे मला माहीत आहे. माझी नोकरी राहावी म्हणून तू ते गिळलं असतंस. तू गेलास तो त्या ओळीमुळे.

वाल्मिकभाऊंच्या पारूवहिनींना कारखान्याने पॅकिंगला घेतलं. माझ्यासमोरच्या बाकावर डबा खातात. परवा कोणीतरी तुझी चौकशी केली तर त्या म्हणाल्या, "त्याचं नाव माझ्यासमोर घेव नको. अक्षरशत्रू माणूस, माझा संसार खाल्ला त्याने." मी भाकरीचा घास तोंडात धरून बसले. त्यांनीच मला पाणी दिलं. म्हणाल्या, "ठसका लागला काय गो?"

आणखी एक. ज्या बारातून हूक घडवले त्याचं रंगाचं टोक, वीतभर तुकडा, हूक तुटला त्याच दुपारी मी रॅकवरून उचलला आणि डब्याच्या पिशवीतून घरी आणला. माझ्या ट्रंकेत प्रमाणपत्रांच्या खाली आहे. आई त्या ट्रंकेवर बसून तांदूळ निवडते. ती बसली की मला वाटतं, खालून कोणीतरी ट्रंक वाजवेल.

संघरत्ना


शहापूर,
रविवार, ३० सप्टेंबर २००१

दादा,

इतक्या दिवसांत तू पहिल्यांदा काही विचारलंस. कमळताईंनी लिहिलं, "म्हणतात, तुकडा ठेवलाय तर रंगाखाली बघितलंस का? खुणा किती हायेत?"

मला कसल्या खुणा ते कळेना. आई पाण्याला गेली तेव्हा तुकडा काढला, रॉकेलच्या बोळ्याने रंग मऊ केला आणि विळीच्या टोकाने खरवडायला लागले. पांढऱ्या रंगाखाली बोटाला खाच लागली. मग दुसरी. मग तिसरी. तीन. कानशीने घातलेल्या, सारख्या अंतरावर, अगदी सरळ. तिसरी लागल्यावर माझा हात पुढे चालेना. अर्धं टोक अजून पांढरंच आहे.

तेव्हा मला वाटले तसे हे ओरखडे नव्हते. कोणीतरी घाईत त्या बारचं लाल टोकच कापून नेलं असणार. मग तू उरलेला बार ग्राइंडरला लावून ठिणग्या बघितल्या असशील. मला तूच तर ते दाखवलं होतंस, मी डिप्लोमाच्या पुस्तकात वाचायच्या आधी: "ठिणगी सरळ रेघेसारखी गेली तर मऊ. टोकाला फुलं फुटली तर कडक." फुलं बघून तू खुणा केल्यास. तीन म्हणजे कडक. रंग गेला तरी लोखंडाची जात बोटांना कळावी म्हणून. तुला वाचता येत नाही असं त्या कागदावर लिहिलं आहे. तू लिहून ठेवलं होतंस, दादा. मी ते पुसलं.

आणि आता तुला सांगायचं सर्वांत वाईट. त्या बारातून हूक एक नाही, दोन निघाले होते. दुसरा बाहेर विकला होता. तो कुठे गेला हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण वाल्मिकभाऊ गेले त्याच दिवशी मी गेटची वही बघितली होती. "महिपत, टोकावडे, हूक नग १." हे कोणाला सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, "त्यातही खोट आहे हे तुला कसं कळलं?" म्हणून दीड वर्ष मी गप्प राहिले. महिपतकाका विहिरीची कामं घेतात हे मला माहीत होतं. पेपरात विहिरीचं काही आलं की आधी गावाचं नाव बघायची.

तुझ्या प्रश्नानंतर मला बसवेना. परवा रजा टाकली. लखमाकडून मऊ लोखंडाचा नवा हूक घडवून घेतला, स्वतः ताणून तपासला, कानस पिशवीत टाकली आणि मुरबाडहून माळशेजकडे जाणारी एसटी धरली.

महिपतकाका लोकांच्या विहिरींत पंप सोडण्याची आणि काढण्याची कामं घेतात. तीन बल्ल्या उभ्या करतात, वर चेनपुली, खाली हूक. पावसाळ्यात काम नसतं. दारात त्यांची बायको सकुबाई बसली होती. मला बघून म्हणाली, "कोन गो तू? मतदानवाली काय?"

"नाही. मुरबाडच्या कारखान्यातनं आलेय. तुमच्याकडे एक हूक आहे."

आतून महिपतकाका म्हणाले, "हाय ना. कामावर हाय तो."

आढ्याला दोरखंड होता, दोरखंडाला तो हूक आणि हुकाला साडीची झोळी. त्यांची नात, प्रियांका, त्यात झोपली होती. सहा-सात किलोच्या बाळाने तो हूक तुटणार नाही, हे मला गणिताने माहीत आहे. ते गणित मी तिथे उभी राहून केलं. दोनदा केलं. तरी मी झोळीखाली दोन्ही हात धरून उभी राहिले.

"अगो, काय करतेस?" सकुबाई उठून आली.

"तिला काढा. आधी तिला काढा."

पोर उचलल्यावर मी काकांना नवा हूक दिला. ते दोन्ही तोलून बघत म्हणाले, "ह्याला काय झालंय? दोन वर्सं वापरला. तसूभर वाकला नाय."

"तेच वाईट आहे, काका. चांगला हूक आधी वाकतो. तोंड उघडतो. माणसाला दिसतं, बाजूला व्हायला वेळ मिळतो. हा काहीच सांगणार नाही. नुसता तुटेल."

ते हसले. "कारखानेवाले. नवा खपवायला आलीस काय?"

मी कानस काढली. नव्या हुकावर चालवली, करकर वाजून राखाडी पूड पडली. मग जुन्यावर चालवली. काचेवरून घसरावी तशी घसरली, ओरखडासुद्धा उठला नाही. काकांनी माझ्या हातातून कानस घेतली, स्वतः दाबून चालवली. मग ते हसले नाहीत.

सकुबाई म्हणाली, "पंप सोडताना याच्याखाली विहिरीत मी हुभी असतंय. पाईप धराया. कोनी केलं ह्ये?"

"मी."

"आनि तुला कवा कळलं?"

"याच्या जोडीच्या हुकाने माणूस गेला. त्याच दिवशी. दीड वर्ष झालं."

ओरडली असती तर बरं झालं असतं. "मंग येवढे दिस कुठं व्हतीस गो?" एवढंच विचारलं तिने.

काका स्टूल घेऊन वर चढले. सकुबाईने प्रियांका माझ्या हातात दिली. "धर जरा. मना दोर बांधाया दे." नवा हूक बांधून होईपर्यंत पोर माझ्या खांद्यावर झोपलेली होती. तिचा श्वास मानेला लागत होता. निघताना मला कोणी बस म्हटलं नाही, कोणी शिवीही दिली नाही.

संघरत्ना


शहापूर,
रविवार, १४ ऑक्टोबर २००१

दादा,
जयभीम. आज सकाळी विहारात वंदनेला गेलो होतो. आईने तुझ्या नावाने मेणबत्ती लावली.

मागच्या पत्रात "दोनदा गणित केलं" असं लिहिलं. तीनदा केलं.

महिपतकाकांकडून आणलेला तो दुसरा हूक मी तपासणीत शेगड्याच्या पकडीत आवळून धरला आणि वरून हातोड्याचा एकच घाव घातला. तो तुटला. आतून चमकला. या वेळी मी तोंड फिरवलं नाही, उजेडात नेऊन बघितला. दोन्ही तुकडे आता ट्रंकेत आहेत, आणि ट्रंकेला आता कुलूप नाही. परवा आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "त्याला वाचाया येत नाय म्हणून तुला शिकवली आमी. त्याला वाचून दाखवाया." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. पण आज विहारातून येताना माझी चप्पल तुटली तर तिने स्वतःची काढून माझ्यापुढे ठेवली.

तुझा निरोप मिळाला. कमळताईंनी जसाच्या तसा लिहिला आहे: "तुकडा सगळा खरवडू नको. अर्धा रंग राहू दे. दोनी दिसाया पाहिजेत, रंग पण आनि खुणा पण. नायतर कोन मानील?" दादा, तो अर्धाच खरवडला आहे. माझ्याकडून घाबरून का होईना, एक गोष्ट बरोबर झाली.

तू परत ये असं मी लिहिणार नाही. तो हक्क मी गमावला आहे. मी काय करणार आहे तेवढं ऐक.

यंदा दसरा शुक्रवारी, २६ तारखेला आहे. आदल्या दिवशी कारखाना धुतला जाईल. घणावरचे, स्टोअरचे, पॅकिंगचे, सगळे त्या दिवशी स्टोअरपुढे जमतात. साहेब असतात. पारूवहिनी असतील. तुझ्या जबाबाची नक्कल मी कचेरीतून रीतसर अर्ज करून मिळवली आहे. कशासाठी हवी असं विचारलं, तेव्हा मी लिहिलं, "वाचून दाखवण्यासाठी."

तिथे मी तो जबाब वाचणार आहे. सगळा. ती ओळ आली की थांबून सांगणार आहे की ही ओळ रत्नदीपने कधी ऐकलीच नव्हती. मग तुकडा पारूवहिनींच्या हातात देणार आहे. वाचता त्यांनाही येत नाही, पण बोटाने खुणा मोजता येतील. मग तोच तुकडा लखमा ग्राइंडरला लावेल आणि सगळ्यांना फुलं दिसतील. महिपतकाकांकडच्या हुकाचं किती दिवस मी कोणाला सांगितलं नाही, तेही सांगणार आहे. माझा राजीनामा लिहून तयार आहे. साहेब तो घेतील, की पोलिसांना बोलावतील, की पारूवहिनी माझ्या तोंडावर थुंकतील, यातलं काही मला माहीत नाही. ते ठरवणं माझं काम नाही.

किल्ली अजूनही माझ्याकडेच असते. रॅकमध्ये दोन बारांची टोकं उघडी आहेत. मी त्यांना हात लावलेला नाही.

कमळताई, एवढं सगळं न गाळता वाचलंत. खाली तारीख आहे, ती त्यांना दोनदा ऐकवा. वेळही. पहिल्या पत्रात मी वेळ चुकवली होती, आता चुकणार नाही.

गुरुवार, २५ ऑक्टोबर २००१. सकाळी साडेआठ वाजता, चहा यायच्या आधी.

तुझी बहीण,
संघरत्ना